साखरेच्या डब्यामागची स्ट्रिप

ताई, नमस्कार.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. बालवाडीपासून त्याची एकच तक्रार आहे, एका जागी बूड टेकत नाही. वर्गात उठून फिरतो, वही अर्धी कोरी असते. हुशार आहे, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, पण वाचताना ओळी गाळतो. बाईंनी सांगितलं म्हणून पुण्याला बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी आमच्याकडून आणि शाळेकडून फॉर्म भरून घेतले, दोनदा तासभर बोलले आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, आहे असं सांगितलं. मिथाइलफेनिडेटची सकाळी एक गोळी लिहून दिली आणि आम्हा दोघांना पालकांच्या सत्रांना यायला सांगितलं. गावातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून "हे आमच्याकडे नसतं, कायद्यातलं औषध आहे" म्हणत परत दिली. तेव्हापासून मिस्टर म्हणतात, माझ्या पोराला नशेच्या गोळ्या नकोत. सासूबाई म्हणतात, याचा बापही असाच होता, मोठा झाल्यावर आला ताळ्यावर. नणंद सुवर्णप्राशन सुचवते. पुण्याहून आणलेली स्ट्रिप तीन आठवडे साखरेच्या डब्यामागे पडून आहे. मागच्या मंगळवारी गृहपाठावरून मी त्याला इतकं मारलं की माझाच हात सुजला. तो रडला नाही. "मम्मी, मी मुद्दाम नाही करत," एवढंच म्हणाला. गोळी द्यावी का? सवय लागेल का? गोळीशिवाय काहीच नाही का?

– एक आई

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तुमच्या लेकाचं आहे. "मी मुद्दाम नाही करत." त्यावर विश्वास ठेवा, कारण ते खरं आहे. दप्तर कसं भरायचं, वर्गात कसं बसायचं हे विचारलंत तर तो घडाघडा सांगेल. ठाऊक असलेली गोष्ट ऐन वेळी हातून घडत नाही, हे त्याचं दुखणं आहे. "थांब, आधी हातातलं संपव" असं आपल्याला आतून बजावणारा जो मेंदूचा पुढचा भाग, तो या मुलांमध्ये दोन-तीन वर्षं उशिराने तयार होतो. म्हणजे वय नऊ असलं तरी स्वतःला आवरण्याच्या बाबतीत तो साधारण सहा-सात वर्षांचा आहे. त्या वयाच्या पोराकडून आपण चौथीचा गृहपाठ एका बैठकीत मागतो आणि झाला नाही की हात उगारतो.

मंगळवारचं तुम्ही लपवलं नाहीत. ते लिहिताना किती जड गेलं असेल हे मला कळतं. माझ्यासमोर बसून हेच सांगताना रडलेल्या आया वीस वर्षांत खूप पाहिल्या. एक करा. आज-उद्या त्याला जवळ घ्या आणि सांगा, "त्या दिवशी मी मारलं, ते माझं चुकलं. तू मुद्दाम करत नाहीस हे मला कळलंय." एवढंच. पुढे "पण तूही..." असं जोडू नका.

आता गोळी. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे किती मिलिग्रॅम आणि कधी हे तुमच्या डॉक्टरांचंच ऐकायचं. पण द्यायची की नाही या विचारात अडकलेल्या आईला काय काय माहीत असावं, ते मी सांगू शकते. माझं मत आधीच सांगून टाकते: गोळी सुरू करा आणि सत्रंही बुडवू नका. दोन्हींपैकी एकच निवडायचं आहे असं तुमच्या घरात सगळे धरून चाललेत आणि तिथेच गाडं अडलं आहे. मूल चार-पाच वर्षांचं असतं तर मीही म्हटलं असतं की आधी फक्त पालकांचं प्रशिक्षण. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही त्या वयाला तेच सांगतात. सहा वर्षांच्या पुढे मात्र औषध आणि प्रशिक्षण जोडीने, असंच त्या म्हणतात.

निदान घाईत झालेलं दिसत नाही, याचं मला बरं वाटलं. या विकाराची रक्ताची तपासणी नसते. एमआरआय किंवा ईईजी काढून तो ठरत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसू लागलेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी असावी लागतात, आणि त्यांच्यामुळे मुलाचं रोजचं काम अडत असावं लागतं. शाळेकडून फॉर्म भरून घेतले ते यासाठी. कान आणि डोळे तपासले नसतील तर तेवढे तपासून घ्या. रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण झोप नासलेलं पोरसुद्धा दिवसभर असंच वागतं.

आधीच उड्या मारणाऱ्या पोराला मिथाइलफेनिडेटसारखं उत्तेजक औषध कशाला, हा प्रश्न तुमच्याकडेही निघाला असेलच. तो १९३७ पासूनचा आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी डोकेदुखी कमी व्हावी म्हणून काही मुलांना एक उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखीवर फारसा फरक पडला नाही, पण त्यांतली बरीच मुलं आपणहून अभ्यासाला बसू लागली. मुलांनीच त्यांना गणिताच्या गोळ्या असं नाव दिलं. मिथाइलफेनिडेट हे त्यानंतर आलेलं निराळं औषध, पण रीत तीच. ते मुलाला गुंगी आणत नाही. डोपामीन आणि नॉरएड्रेनलीन ही मेंदूतली रसायनं पेशींमध्ये लगेच परत शोषली जातात. हे औषध त्यांना थोडा जास्त वेळ बाहेर राहू देतं. त्यामुळे लगाम धरणारा भाग जागा होतो. दिसायला मूल शांत झाल्यासारखं वाटतं, आत मात्र ते आधीपेक्षा जागं असतं.

मी गोळीच्या बाजूने इतकं ठामपणे का बोलते, त्यामागे माझी एक चूक आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिसरीतल्या एका मुलाची आई अशीच न फोडलेली स्ट्रिप घेऊन माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, घाई नको, आधी आपण बाकीचं करून बघू. आम्ही दोन वर्षं बाकीचं केलं. तक्ते केले, खेळ घेतले, आहार बदलला. थोडाफार फरक पडला म्हणून मी तिला "अजून थोडं थांबू" म्हणत राहिले. पाचवीत येईपर्यंत तो पोरगा "मी ढ आहे" असं स्वतःच म्हणायला लागला होता. शेवटी डॉक्टरांनी औषध सुरू केलं. महिन्याभराने तो वही घेऊन मला दाखवायला आला. लाल पेनने सरळ आखलेला समास आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलेलं एक अख्खं पान. ते पान दोन वर्षं आधी लिहून झालं असतं. त्या दोन वर्षांत त्याने स्वतःबद्दल जे ठरवून टाकलं होतं, ते पुसायला आम्हाला पुढची तीन वर्षं लागली.

याचा अर्थ गोळी म्हणजे सगळं, असा नाही. या विषयावरचा सगळ्यांत गाजलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडातली सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं त्यात होती आणि चौदा महिने त्यांचे चार गट केले होते. एका गटाला बारीक देखरेखीखाली औषध, दुसऱ्याला फक्त वर्तनोपचार, म्हणजे औषधाविना वागणं वळवण्याचं प्रशिक्षण, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथा गट आपापल्या गावातल्या डॉक्टरांकडे जात होता. चंचलता आणि लक्ष या दोन गोष्टींवर देखरेखीचं औषध फक्त वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. दोन्ही मिळालेल्या मुलांना कमी डोस पुरला आणि त्यांचे आईवडील जास्त समाधानी होते. मला मात्र चौथा गट महत्त्वाचा वाटतो. त्यातली बरीचशी मुलंही औषधच घेत होती, पण त्यांचा फायदा कमी झाला. त्यांच्या तपासण्या दूरदूरच्या अंतराने होत, डोस जुळवून घेतला जात नसे, शाळेला कोणी विचारत नसे. म्हणजे औषधाइतकंच ते कसं दिलं जातं यालाही महत्त्व आहे. आणि तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा चारही गट जवळपास एका पातळीवर आले होते. गोळी विकार मुळापासून घालवत नाही. चष्मा डोळ्यांवर असतो तोवर दिसतं, तसंच आहे हे.

म्हणून मनावरचं एक ओझं आधी उतरवा. तुम्ही जन्मभराचा निर्णय घेत नाही आहात. काही आठवड्यांची चाचणी घ्यायची आहे. फरक नाही पडला, सोसलं नाही, तर डॉक्टरांना सांगून बंद करता येईल. दरवर्षी एकदा "अजून लागते का" हे बघायचंच असतं. काहींना मोठेपणी लागत नाही, काहींना लागते.

मेडिकलवाला खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात मनावर परिणाम करणाऱ्या औषधांची जी यादी आहे, तिच्यात मिथाइलफेनिडेट आहे. त्यामुळे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, त्याची नोंद ठेवावी लागते, आणि लहान गावातले दुकानदार त्या भानगडीत पडत नाहीत. गैरवापर करणारे लोक आहेत म्हणून हा बंदोबस्त आहे. निदान झालेल्या मुलाला ठरल्या डोसने, तोंडाने दिलेल्या गोळीचं व्यसन लागत नाही. अशा मुलांना मोठेपणापर्यंत पाहिलेल्या अभ्यासांत, औषध घेतल्यामुळे त्यांच्यात व्यसनं वाढली असं आढळलेलं नाही. उपचारच न मिळालेली, शाळेत आणि घरात रोज बोलणी खाणारी मुलं पुढे कुठे वळतात, याची भीती मला जास्त वाटते. पण औषध कायद्यातलं आहे म्हणूनच ती स्ट्रिप साखरेच्या डब्यामागून काढा आणि कपाटात कुलपात ठेवा. गोळी रोज मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने द्यायची. "घेतलीस का रे?" असं स्वयंपाकघरातून ओरडून विचारायचं नाही.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा. तीन आठवडे दिलीच नाही, हे प्रामाणिकपणे सांगा. घराण्यात कुणी तरुण वयात हृदयविकाराने अचानक गेलं आहे का, मुलाला पळताना कधी चक्कर आली, छातीत दुखलं का, फिट आली होती का, डोळे मिचकावण्याची किंवा मान उडवण्याची सवय आहे का, हे त्यांनी विचारलं नसेल तर तुम्ही सांगा. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांचा आजचा आकडा लिहून ठेवा. आकडे आधीचे असले तरच पुढचा फरक कळतो.

आता त्रास काय होतो ते. भूक मरते, हे सगळ्यांत जास्त दिसतं. दुपारचा डबा परत येईल. त्यावर आयांनीच शोधलेला उपाय सोपा आहे: गोळीच्या आधी पोटभर न्याहारी, मग ते थालीपीठ असो की तूप घातलेला भात, आणि औषध उतरलं की पुन्हा एक भरपेट खाणं. रात्री झोप उशिरा लागणं, डोकं किंवा पोट दुखणं हेही होतं आणि बऱ्याच मुलांचं दोन-तीन आठवड्यांत निवळतं. साध्या गोळीचा असर तीन ते चार तास टिकतो. उतरताना काही मुलं तासभर चिडचिडी, रडवी होतात. त्या तासात अभ्यास काढू नका. उंची वाढण्याचा वेग थोडा मंदावू शकतो, अखेरच्या उंचीत पडला तर एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून दर तीन महिन्यांनी वजन आणि सहा महिन्यांनी उंची बघायची. मूल गप्प-गप्प, चेहरा कोरा, हसणं हरवलेलं असं वाटलं तर "औषध म्हटलं की हे असायचंच" असं समजू नका. बहुतेक वेळा डोस जास्त झालेला असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दुखलं, चक्कर आली, नसलेलं काही दिसू-ऐकू लागलं, तर पुढची गोळी न देता लगेच फोन.

दहातल्या साधारण सात मुलांना या गटातलं औषध लागू पडतं. तुमचा मुलगा उरलेल्या तिघांत निघाला तरी वाट बंद होत नाही. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषध आपल्याकडे मिळतं. त्याचा असर दिसायला चार ते सहा आठवडे किंवा त्याहूनही जास्त लागतात, ते रोज न चुकता द्यावं लागतं, आणि सुरुवातीला मुलाच्या मनःस्थितीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, कारण क्वचित मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ शकतात. क्लोनिडीन हेही काही मुलांना देतात, विशेषतः अंग उडवण्याच्या सवयी असतील तर. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिथल्या ॲम्फेटामिनच्या गोळ्या पाठवतो म्हटलं तर नाही म्हणा. त्या आपल्याकडे औषध म्हणून मिळत नाहीत आणि आणणं गुन्हा ठरू शकतो.

शंभर पानी साधी वही घ्या. रोज चारच गोष्टी: गोळी किती वाजता दिली, जेवण किती गेलं, झोप कधी लागली, आणि त्या दिवशी त्याने एक गोष्ट कुठपर्यंत नेली. "आज बरा होता" असं नको. "शुद्धलेखनाच्या सहा ओळी उठल्याशिवाय लिहिल्या" असं हवं. शक्य असेल तर पहिली गोळी रविवारी द्या, म्हणजे तुम्हाला दिवसभर बघता येईल. चार आठवड्यांनी ही वही घेऊन पुण्याला जा. त्या वहीकडे बघून डॉक्टर डोस जुळवतील, आणि घरातल्या वादालाही तिचाच आधार होईल.

त्यालाही सांगायला हवं. "तू वाईट वागतोस म्हणून ही गोळी" असं कुणीही, आजीनेसुद्धा, म्हणायचं नाही. "तुझं डोकं खूप वेगात पळतं, त्याला थांबायला मदत म्हणून" एवढं नऊ वर्षांच्या मुलाला कळतं. आणि चांगलं वागला की "गोळीमुळे" हे शब्द तोंडातून काढू नका. काम त्याने केलेलं असतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, गोळीशिवाय काय. पुष्कळ आहे आणि ते तुमच्याच हातात आहे. शाळेच्या दिवशी सकाळी सात वाजताचं तुमचं घर मी डोळ्यांसमोर आणते. ओट्यापाशी पोळी लाटता लाटता तुम्ही म्हणता, "दप्तर भर, पाण्याची बाटली घे, सॉक्स घाल आणि डबा विसरू नकोस." चार हुकूम, एका दमात, पाठमोऱ्या. त्यातला पहिला त्याच्यापर्यंत पोचतो. तो दप्तरापाशी जातो, तिथे कालचं खोडरबर सापडतं, खोडरबरावरून दुसरं काही आठवतं. दहा मिनिटांनी तुम्ही जाऊन बघता तर एक सॉक्स पायात, दुसरा हातात आणि साहेब उंबऱ्याशी मुंग्यांची रांग बघत बसलेले. तुम्हाला वाटतं, याने मुद्दाम केलं.

पालकांच्या सत्रांत हेच उकलून दाखवतात. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, त्याने तुमच्याकडे बघितलं की एकच गोष्ट सांगायची. ती झाली की लगेच, त्याच क्षणी शाबासकी. मग दुसरी. दाराच्या आतल्या बाजूला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चार चित्रं चिकटवा, दप्तर, बाटली, सॉक्स, डबा. म्हणजे तुमच्या ओरडण्याची जागा ते दार घेईल. गृहपाठ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत करा. घड्याळ त्याच्यासमोर ठेवा, कारण वेळ या मुलांना आतून कळत नाही, डोळ्यांनी दिसावी लागते. एक तुकडा संपला की बरणीत एक चिंचोका. दहा चिंचोके झाले की त्याच संध्याकाळी त्याच्या आवडीचं काहीतरी: वडिलांबरोबर गाडीवर एक चक्कर, आजीकडून एक गोष्ट जास्त, कॅरमचा एक डाव. "वार्षिक परीक्षेत पहिला आलास तर सायकल" हे या मेंदूला पोचतच नाही. मार्च फार लांब असतो. आणि बरणीत पडलेला चिंचोका कधीही परत काढून घ्यायचा नाही. कमावलेलं ते कमावलेलं. घरातला एकजण चिंचोके देतो आणि दुसरा "हे काय लाड" म्हणतो असं झालं तर आठवड्यात सगळं बारगळतं, म्हणून सत्राला दोघांनी जायचं.

दोन-तीन आठवड्यांत बरणीचं नवेपण ओसरेल. तेव्हा "हेही चाललं नाही" असं म्हणून सोडून देऊ नका. बक्षीस बदला, चिंचोक्यांऐवजी गोट्या घ्या.

शाळेत बाईंशी बोला. त्यांनीच लक्षात आणून दिलं, म्हणजे त्या तुमच्या बाजूच्या आहेत. पहिला बाक, खिडकी-दारापासून लांब. गृहपाठ वहीत उतरला की नाही हे सुटण्याआधी एकदा बघणं. अर्ध्या तासाने फळा पुसायला, ऑफिसातून खडू आणायला त्याला पाठवणं. अंगातली हालचाल अशी कामाला लागली की पुढचा वेळ तो बसू शकतो. वाचताना ओळी गाळतो असं तुम्ही लिहिलंय, ते मला खटकलं. ते लक्ष नसल्यामुळे असेल किंवा अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकण्यातलीच अडचण, सोबत असेल. या दोन गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालून येतात आणि लक्षाचं औषध वाचनाची अडचण दूर करत नाही. आठ वर्षांनंतर ती तपासणी नीट करता येते, त्यामुळे आत्ताच करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, एडीएचडीचा त्या यादीत वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र कामी येतं, आणि ते ठरावीक सरकारी रुग्णालयांतूनच मिळतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. तुमच्यासाठी जवळचं कोणतं, हे जिल्हा रुग्णालयात विचारा. पुण्याच्या फेऱ्या परवडत नसतील तर तिथल्या बालकांच्या लवकर निदान व उपचार केंद्राचीही चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती केंद्रं आहेत. आणि कधी फार हातघाईला आलात तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

नणंदबाईंचं मन मोडू नका, पण सुवर्णप्राशनाने किंवा ब्राह्मीने हा विकार आटोक्यात येतो असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही. धातूंची भस्मं असलेली किंवा लेबल नसलेली पुडी नऊ वर्षांच्या पोराला देऊ नका, आणि जे काही देत असाल ते डॉक्टरांना सांगा. साखर बंद करून चंचलता कमी होत नाही, हे पुन्हा पुन्हा तपासून झालंय. रंगीत गोळ्या-पेयांनी काही मुलं थोडी जास्त बिथरतात, तेवढी टाळा. माशाच्या तेलाचा उपयोग होतो, पण अगदी थोडा. रोज तासभर घाम निघेल असा खेळ आणि वेळेवर झोप यांचा उपयोग त्याहून जास्त आहे. गावात तालीम असेल, मल्लखांब शिकवत असतील तर त्याला नक्की घाला, असली मुलं तिथे पहिल्यांदा कुणाकडून तरी "वा!" ऐकतात. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या, मेंदू जागा करून देणाऱ्या वर्गांना मात्र एक रुपयाही देऊ नका. त्यात काहीही तथ्य नाही आणि पैसे हजारांत जातात.

राहिले तुमचे मिस्टर. सासूबाई जे बोलून गेल्या, त्यात खूप काही आहे. हा विकार घराण्यातून येतो. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर निघतो, उंचीइतका नसला तरी त्याच्या जवळ जाणारा. "याचा बापही असाच होता" हे अगदी खरं असू शकतं. मग त्या बापाला लहानपणी काय मिळालं असेल? छड्या, वर्गाबाहेर उभं राहणं, "वाया गेलेला" हे नाव. ते त्यातून निभावले. आता आपल्या पोराला गोळी लागते हे मान्य करणं म्हणजे आपल्यातही काही कमी होतं हे मान्य करणं, असं त्यांना आत कुठेतरी वाटत असेल. तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका. एखाद्या रात्री पोरं झोपल्यावर एवढंच विचारा, "तुम्ही चौथीत असताना शाळेत कसं वाटायचं?" आणि गप्प बसून ऐका. मध्ये मुलाचं नाव काढू नका, त्यांनी काढलं तर काढू द्या. मी हा प्रश्न अनेक बापांना विचारला आहे. बहुतेक जण आधी हसतात आणि मग बराच वेळ बोलतात. मोठ्या माणसांतही याचं निदान आणि उपचार होतात, हेच औषध त्यांनाही देतात. बिलं, हप्ते, किल्ल्या, रागावर ताबा यांत त्यांना अजूनही अडचण येत असेल तर त्याच डॉक्टरांशी त्यांना बोलता येईल. पण ते आत्ता मांडू नका.

आत्ता एवढंच सांगा की पुढच्या खेपेला मला एकटीला पाठवू नका. त्यांचे सगळे प्रश्न, नशेचा सुद्धा, त्यांच्याच अक्षरात कागदावर लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांसमोर त्यांनाच वाचू द्या. तोवर पहिली गोळी थांबवली तरी चालेल, पण आठवड्याच्या वर नाही. माफी आणि दारावरची चार चित्रं मात्र आजच.